हळदीचे फोटो रोलवर काढल्यासारखे दिसावेत, तर डिजिटलवर नेमकं काय करायचं?

ओसरी

घरातल्या लग्नाचे, मुख्यतः हळदीचे, फोटो काढायचे आहेत. हवा आहे तो नव्वदच्या दशकातल्या अल्बमचा रंग: ४०० चा कलर रोल, समोरून मारलेला फ्लॅश आणि लॅबमधून आलेली ४ बाय ६ ची चकचकीत कॉपी. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरचा मिररलेस. लेन्स २३ मिमी एफ/२, शिवाय एम४२ माउंटची (जुनी स्क्रूची जोडणी) जुनी ५८ मिमी हेलिओस ४४-२ अडॅप्टरसकट. एडिटिंगला डार्कटेबल, लाइटरूमही मिळू शकेल.

फिल्म-लूकचे बरेच प्रीसेट (तयार एडिटिंग सेटिंग्ज) चाचणीच्या फोटोंवर लावून पाहिले. चेहरे विटकरी होतात, पांढरं धोतर राखाडी पडतं आणि हळदीचा नुसता पिवळा डाग होतो, तिचा ओलेपणा, रवाळपणा काही उरत नाही. वरून ग्रेन (फिल्मचा दाणा) टाकला तर कॉम्प्युटरवर बरा दिसतो, पण नातेवाइकांच्या ग्रुपवर पाठवला की चिखल. चूक काढतानाच होते आहे की नंतर? एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्सपासून सांगितलंत तर फार उपयोग होईल.

जागा: जुना वाडा. चौकात दुपारचं ऊन, ओसरीवर ट्यूबलाइट आणि पिवळे बल्ब, वर मांडवाचं गुलाबी-पिवळं कापड.

सिल्व्हर_हॅलाइड

चूक काढतानाच होते आहे. प्रीसेट ती फक्त उघडी पाडतो.

कलर निगेटिव्ह आणि सेन्सर यांचे स्वभाव उलटे आहेत. निगेटिव्हवर उजेड वाढतो तशी घनता वाढते, पण वरच्या टोकाला ती वाढ मंदावत जाते. हर्टर आणि ड्रिफील्ड यांनी १८९० मध्ये घनतेचा जो आलेख मांडला, त्यात या भागाला खांदा म्हणतात. ४०० च्या रोलला दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) उजेड जास्त झाला तरी लॅबवाला कॉपीत धोतराच्या चुण्या काढू शकायचा. सेन्सर सरळ रेषेत भरतो आणि भरला की संपलं, त्यापुढे चुणी नाही की पोत नाही, फक्त २५५, म्हणजे निव्वळ पांढरं. प्रीसेट काय करतो, तर फिल्मसारखं मऊ वाटावं म्हणून पांढऱ्याचं टोक २५५ वरून २३५ वर ओढतो. जिथे मुळात काही नोंदलंच गेलं नाही तिथे ओढून राखाडी पट्टाच हाती लागणार.

तेव्हा रोलवाले सावलीसाठी एक्स्पोजर ठेवायचे, तुम्ही उजेडासाठी ठेवा. रॉमध्ये (सेन्सरचा कच्चा डेटा) काढा, झेब्रा (उजेड भरला तिथे पट्टे दाखवणारी खूण) १०० वर लावा आणि मीटर सांगेल त्यापेक्षा २/३ ते १ स्टॉप कमी घ्या. चौकातल्या उन्हात पांढरे कपडे असतील तर दीड स्टॉपसुद्धा. तांब्याच्या काठावरची चमक किंवा नथीतल्या मोत्याचा ठिपका फाटला (पोत जाऊन निव्वळ पांढरा झाला) तर फाटू दे, कॉपीतही तो पांढराच यायचा. कापड आणि कपाळ मात्र फाटता कामा नये.

नंतर खांदा आपण बांधायचा. डार्कटेबलमध्ये कमी घेतलेला स्टॉप एक्स्पोजर मॉड्यूलने परत द्या. उजेडाचा आलेख वाकवणाऱ्या मॉड्यूलपैकी बेस कर्व्ह आणि फिल्मिक दोन्ही बंद, सिग्मॉइड चालू. कॉन्ट्रास्ट १.५ च्या आसपास, पर-चॅनल मोड आणि 'प्रिझर्व्ह ह्यू' १०० वरून ६०-७० वर. या शेवटच्या आकड्याकडे सहसा कोणी बघत नाही, पण चेहऱ्याचा निम्मा फरक तिथेच आहे. १०० वर असताना रंग आपली छटा धरून पांढऱ्याकडे जातो आणि गालाचा, कपाळाचा उजळ भाग गुलाबी, मेणचट दिसतो. कमी केलं की तो भाग पांढरा होता होता किंचित पिवळ्याकडे झुकतो, जसा कॉपीत झुकायचा.

लाइटरूम वापरलंत तर प्रोफाइल न्यूट्रल घ्या आणि कॉन्ट्रास्ट पॉइंट कर्व्हनेच द्या: ० ला ६, ३२ ला २६, १२८ ला १३०, १९२ ला २०२, २३५ ला २३८, २५५ ला २४८. या बिंदूंमध्ये चढ वरच्या टोकाला निम्म्यावर येतो, तोच खांदा. हायलाइट स्लायडर −३० च्या खाली नेऊ नका. तो आजूबाजूचे पिक्सेल बघून स्थानिक कॉन्ट्रास्ट वाढवतो, त्याने एचडीआरचा भास होतो.

आता रंग. डिजिटलमध्ये सॅच्युरेशन वाढवलं की रंग उजळतो, निऑनकडे सरकतो. फिल्मवर रंग म्हणजे सायन, मॅजेंटा आणि पिवळं अशी रंगद्रव्यं. रंग गडद म्हणजे द्रव्य जास्त, आणि द्रव्य जास्त म्हणजे त्यातून उजेड कमी. शालूचा हिरवा, मोठ्या काठाचा लाल, दारावरची आंब्याची पानं कॉपीत भरदार दिसायची ती या घट्टपणामुळे. डार्कटेबलच्या कलर बॅलन्स आरजीबीत क्रोमा +१० आणि त्याच्या जोडीला ब्रिलियन्स −८ ते −१२ करा. लाइटरूममध्ये लाल, हिरवा आणि पिवळा यांचं ल्युमिनन्स −१० ते −१५, सॅच्युरेशन आहे तिथेच ठेवा. एवढ्यानेच फोटोचं वजन बदलतं.

चेहरे विटकरी होण्याचं कारण वेगळं. बरेचसे प्रीसेट गोऱ्या-गुलाबी त्वचेवर जुळवलेले असतात. ते नारंगी रंगाची छटा लालकडे ढकलतात आणि सॅच्युरेशन वाढवतात. गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेत नारंगीची उजळता मुळात कमी, त्यामुळे ढकललेला रंग थेट विटेवर जातो. नारंगी छटा +४ म्हणजे पिवळ्याकडे, सॅच्युरेशन −८, ल्युमिनन्स ०. चेहरे उजळ करण्याचा मोह टाळा. सावळा चेहरा सावळाच आणि त्यावर उजेडाची धार, ही त्या कॉपीची खरी देखणी बाजू होती.

मांडवझालर

वरचा प्रतिसाद पक्का आहे. तुमच्या जागेचा उजेड मात्र अवघड आहे, म्हणून त्यात भर.

ऑटो व्हाइट बॅलन्स बंद, हे पहिलं. रोलला एकच समतोल असतो, दिवसाच्या उजेडाचा म्हणजे साधारण ५५०० केल्विन. ऑटो प्रत्येक फोटोत वेगळा आकडा धरतो आणि ३६ फोटो एका रोलचे वाटत नाहीत. चौकासाठी ५५०० वर कुलूप लावा.

ओसरीवर मात्र ५५०० धरून बसलात तर हळद मेलीच. पिवळा बल्ब २७०० केल्विनच्या आसपास असतो, त्यात निळा उजेड जवळजवळ नाही. हळदीतलं कर्क्युमिन तर निळाच उजेड शोषून घेतं. दोन्ही मिळून निळा चॅनल शून्यावर, लाल चॅनल २५५ वर, आणि सगळा पोत फक्त हिरव्याच्या जिवावर. तुमच्या पिवळ्या डागाचं कारण हेच. रोलवाल्यांचीही कॉपी या उजेडात नारंगी यायची, पण लॅबमधला माणूस प्रिंट काढताना थोडी दुरुस्ती करायचा. तेवढी दुरुस्ती आपण धरायची: ओसरीसाठी ४२०० ते ४३०० केल्विन ठरवा आणि तिथले सगळे फोटो त्याच आकड्यावर ठेवा. भिंत उबदार दिसेल, चेहरा माणसाचा राहील.

हिस्टोग्राम बघताना एकत्रित पांढरा बघू नका, लाल-हिरवा-निळा वेगवेगळे लावा. एकत्रित आलेख ठीक दिसत असतानाच हळदीचा लाल फाटलेला असतो. गालावरच्या हळदीवर झूम करा. वाटलेल्या हळदीचे कण, बोटांनी ओढलेल्या रेघा आणि कडेला सुकत आलेला फिकट भाग हे तिन्ही वेगळे दिसले पाहिजेत. दिसत नसतील तर अजून १/३ स्टॉप खाली. एडिटमध्ये पिवळ्याचं सॅच्युरेशन −१५, ल्युमिनन्स −१०, छटा −५ म्हणजे नारंगीकडे. एसआरजीबीत (पडद्यांची नेहमीची रंगमर्यादा) एक्स्पोर्ट करण्यापूर्वी सॉफ्ट प्रूफ (एक्स्पोर्टचा रंग आधीच दाखवणारी सोय) लावून बघा, कारण तो पिवळा एसआरजीबीच्या कुंपणाबाहेर जातो आणि सपाट होतो.

ट्यूब आणि स्वस्त एलईडी ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवा. १/२५० वर गेलात तर एका फोटोत चेहरा हिरवट, दुसऱ्यात गुलाबी, किंवा एकाच फोटोत आडवे पट्टे येतात. सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर तर तिथे नकोच.

मांडवाच्या कापडाचा रंग व्हाइट बॅलन्सने निघत नाही. तो फक्त वरून येतो: डोकं, खांदे, नाकाचा शेंडा गुलाबी आणि हनुवटीखाली वेगळाच रंग. त्यावर उपाय एकच, समोरून फ्लॅश. आणि तुम्हाला तर तोच हवा आहे.

फ्लॅशचं गणित असं. छोट्या फ्लॅशचा गाइड नंबर (त्याची ताकद सांगणारा आकडा) आयएसओ १०० ला १२ धरा, ४०० ला तो दुप्पट म्हणजे २४ होतो. एफ/५.६ वर २४ भागिले ५.६, म्हणजे ४ मीटरपर्यंत पोच. एफ/८ वर ३ मीटर. आयएसओ ४००, एफ/५.६, १/५०, फ्लॅश −२/३, अंतर २ मीटर: हा ओसरीचा पाया. चेहरा २ मीटरवर आणि मागची भिंत ४ मीटरवर असेल तर भिंतीवर फ्लॅशचा उजेड २ स्टॉप कमी पडतो, ती आपोआप काळवंडते. अल्बममधला तो अंधारातून पुढे आलेला चेहरा असाच तयार होतो. भिंतीला टेकून कोणाला उभं करू नका, मागे कडक सावली पडते.

चौकातल्या उन्हात मात्र हा फ्लॅश निकामी आहे. आयएसओ १०० आणि १/२०० ला एफ/११ लागणार, १२ भागिले ११ म्हणजे जेमतेम १ मीटर. उन्हात फ्लॅशच्या नादी न लागता माणसांना ओसरीच्या कडेला, सावलीत पण चौकाकडे तोंड करून बसवा.

ओल्या हळदीवर आणि तेलावर थेट फ्लॅशच्या बारीक पांढऱ्या चमका येतात. फ्लॅशच्या तोंडावर बटर पेपरचा एक थर चिकटवला तर त्या जरा मऊ होतात, पण साधारण १ स्टॉप उजेड जातो. तेवढा आयएसओ वाढवा, ८००.

ओसरी

फारच नेमकं. दोन शंका. बहुतेक प्रीसेटमध्ये काळा रंग चांगला वर उचललेला असतो, तुमच्या कर्व्हमध्ये ० ला फक्त ६ आहे. तो आणखी उचलायला नको का? आणि फुकट मिळणारे फिल्मचे लट (LUT, रंग बदलण्याची तयार कोष्टकं) डार्कटेबलमध्ये घातले तर त्वचा जळल्यासारखी दिसते, ते का?

करडीपट्टी

काळा उचलू नका. माझ्या मते ६ देखील जास्त आहे, ० ला ३ पुरे. चकचकीत कलर पेपरचा काळा चांगला खोल असायचा. अंबाड्याचा, कोटाचा काळा त्या कॉपीत काळाच दिसतो. धुरकट, उचललेला काळा ही फोन-अ‍ॅप्सची फॅशन, इन्स्टाग्राम २०१० मध्ये आलं त्यानंतरच्या वर्षांतली. ती बघून लोकांना वाटायला लागलं की फिल्म म्हणजे फिकट.

दुसरी गल्लत याहून मोठी आहे. जुना अल्बम उघडून त्याचा आजचा रंग नमुना म्हणून घेतला जातो. सत्तरच्या दशकातल्या कॉप्यांमधलं सायन द्रव्य अंधारातसुद्धा विरत जातं, म्हणून त्या लालसर दिसतात. तो काळाने आणलेला रंग आहे. लॅबमधून पाकिटात आली त्या दिवशी ती कॉपी तशी नव्हती. नमुना हवाच असेल तर निगेटिव्ह शोधा आणि ताजी स्कॅन करून घ्या. पण तिथेही लक्षात ठेवा, एकच निगेटिव्ह फ्रंटियर स्कॅनरवर एक रंग देते आणि नोरित्सूवर दुसरा. लोक ज्याला अमुक रोलचा रंग म्हणतात त्यातला बराच भाग स्कॅनरचा आणि ते चालवणाऱ्या माणसाच्या हाताचा असतो. त्यामुळे 'तंतोतंत' च्या मागे लागून रात्री घालवू नका.

लटबद्दल. लट म्हणजे 'हा रंग आला तर तो रंग दे' एवढं कोष्टक. त्याला काय यायला हवं हे ठरलेलं असतं. पीएनजी चित्राच्या रूपात मिळणारे 'हाल्ड-क्लट' जातीचे लट साध्या एसआरजीबी फोटोवर लावायला बनवलेले आहेत. बारावी पातळी असेल तर चित्र १७२८ बाय १७२८ चं आणि दर अक्षावर १४४ पायऱ्या, आठवी असेल तर ५१२ बाय ५१२ आणि ६४ पायऱ्या. अचूकतेचा प्रश्न फारसा येत नाही, प्रश्न येतो तो जागेचा. टोन-मॅपिंगच्या (म्हणजे सिग्मॉइडच्या) आधी तो बसला तर त्याला कच्चा, सरळ रेषेतला डेटा मिळतो आणि त्वचा जळते. लट थ्रीडी मॉड्यूलमध्ये कलर स्पेस एसआरजीबी निवडा आणि मॉड्यूलच्या क्रमात ते सिग्मॉइडच्या नंतर आहे ना बघा. व्हिडिओसाठीचे क्यूब लट तर बरेचदा लॉग फुटेज (मुद्दाम सपाट कॉन्ट्रास्टने काढलेला व्हिडिओ) गृहीत धरतात, ते फोटोला लावूच नका.

त्यातही लटमध्ये स्वतःचा कॉन्ट्रास्ट असतो. सिग्मॉइडचा कॉन्ट्रास्ट १.५ आणि वर लटचा, असा दुप्पट होतो. लट लावणार असाल तर सिग्मॉइड १.२ वर आणा आणि लटची अपारदर्शकता ५०-६० टक्के ठेवा.

शार्पनिंगही इथेच सांगतो. फिल्मचा बारीक तपशील हळूहळू विरघळतो, डिजिटलमध्ये कडेला पांढरी रेघ येते. लाइटरूमचं मूळचं शार्पनिंग ४० असतं, ते १०-१५ करा, टेक्श्चर −१०. क्लॅरिटीला हात लावू नका.

सिल्व्हर_हॅलाइड

काळ्याबद्दल करडीपट्टी यांच्याशी बराचसा सहमत. ६ ठेवण्याचं कारण फोनचे पडदे: खालच्या पाच-सहा पायऱ्या बऱ्याच फोनवर एकत्र चिकटतात आणि काळ्या कोटाच्या घड्या नाहीशा होतात. प्रिंटला देणार असाल तर ३ किंवा सरळ ०.

निंबोणी

फुजीचा कॅमेरा असेल तर हे सगळं कॅमेऱ्यातच होतं ना? त्याची सेटिंग्ज कोणी देईल का?

एक्स_ट्रान्स

बरंचसं होतं. हळदीसाठी हे लावा: फिल्म सिम्युलेशन (कॅमेऱ्यातली फिल्मसारखी रंगशैली) क्लासिक निगेटिव्ह, डायनॅमिक रेंज डीआर४००, ग्रेन वीक-स्मॉल, कलर क्रोम इफेक्ट स्ट्राँग, एफएक्स ब्लू ऑफ, व्हाइट बॅलन्स डेलाइट आणि शिफ्ट लाल +२, निळा −३, हायलाइट −१, शॅडो ०, कलर +१, शार्पनेस −२, नॉइज रिडक्शन −४. एक्स्पोजर +१/३. ओसरीवर डेलाइटऐवजी ४३०० केल्विन घ्या आणि शिफ्ट दोन्ही ०.

कलर क्रोम इफेक्ट इथे मुद्दाम सांगितलाय. घट्ट लाल, पिवळे, हिरवे जिथे सपाट होतात तिथे तो उजेड खाली आणून पोत शाबूत ठेवतो. सिल्व्हर_हॅलाइड यांनी सांगितलेला घट्टपणा तो हाच, झेंडू आणि हळद दोन्हींवर लगेच दिसतो.

डीआर४०० म्हणजे कॅमेरा आतून २ स्टॉप कमी एक्स्पोजर घेतो आणि सावल्या परत उचलतो. म्हणून किमान आयएसओ लागतो: एक्स-टी४ सारख्या बेस १६० च्या कॅमेऱ्यांवर ६४०, एक्स-टी५ वर ५००. त्याखाली डीआर४०० निवडताच येत नाही, आणि 'पर्याय फिका दिसतोय' ही तक्रार बहुधा यातूनच येते. तीच रॉ फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये काळोखी उघडली तर घाबरू नका, २ स्टॉप तिथे द्यायचे असतात.

एक्स-टी३ आणि पहिल्या एक्स-टी३० मध्ये क्लासिक निगेटिव्ह नाही. तिथे क्लासिक क्रोम, कलर +२, शिफ्ट लाल +३ निळा −४ असं करा. जवळ जातं, पण हिरव्यात फरक राहतो.

रॉ आणि जेपेग दोन्ही ठेवा. हळद एकदाच लागते.

मिणमिणती_पणती

रात्रीच्या फोटोंत दिव्यांभोवती लालसर वलय दिसतं, सिनेस्टिल ८००टी वर येतं तसं. ते कसं आणायचं? मिस्ट फिल्टर घेऊ का?

सिल्व्हर_हॅलाइड

मिस्ट फिल्टरने वलय येतं, पण ते दिव्याच्याच रंगाचं, शिवाय सगळ्या फोटोचा कॉन्ट्रास्ट खाली आणतं. लाल वलयाचं कारण फिल्मच्या पोटात आहे. निळ्या उजेडाचा थर सगळ्यात वर, मग हिरव्याचा, तळाशी लालचा. प्रखर दिव्याचा उजेड तिन्ही थर ओलांडून पायाच्या प्लास्टिकमध्ये शिरतो, मागच्या पृष्ठभागावर आपटून परत फिरतो आणि परतताना पहिल्यांदा लालच्या थराला गाठतो. नेहमीच्या रोलमध्ये हा परतीचा उजेड गिळणारा थर असतो. सिनेस्टिल ८००टी हा कोडॅकच्या व्हिजन३ ५००टी या सिनेमाच्या फिल्मवर बेतलेला, त्यातला पाठीमागचा काळा रेमजेट थर काढलेला असतो, म्हणून वलय मोकाट.

वलयाचा आकार अंदाजाने ठरवायची गरज नाही. पायाची जाडी ०.१३ मिमी. उजेड जोराने परत फिरतो तो साधारण ४२ अंशांच्या पुढे, म्हणजे बाजूला सरकतो २ गुणिले ०.१३ गुणिले ०.९, सुमारे ०.२३ मिमी. ३६ मिमी रुंदीची फ्रेम ६००० पिक्सेलमध्ये मांडली तर एक पिक्सेल ०.००६ मिमी, म्हणजे वलयाची त्रिज्या साधारण ४० पिक्सेल. २००० पिक्सेलचा फोटो असेल तर १३. लोक २०० पिक्सेलचा धूसर लाल ढग पसरतात, तो बघताक्षणी खोटा वाटतो.

करायचं असं. गिंपमध्ये (फोटो-एडिटिंगचं फुकट सॉफ्टवेअर) थराची प्रत काढा, थ्रेशोल्डने २४५ च्या वरचं तेवढं ठेवा, बाकी काळं. काळ्या कुंचल्याने धोतर, टोपी, कपाळ पुसून टाका, फक्त दिवे राहू द्या, ही पायरी गाळली की नवरदेवाच्या टोपीला लाल किनार येते. मग गॉशियन ब्लर ३५-४०, रंग २५५-६०-२०, मोड स्क्रीन, अपारदर्शकता ३० टक्के. एक अट: दिव्यामागे अंधार असला तरच वलय दिसतं. उजळ भिंतीसमोर ते करू नका, फिल्मवरही तिथे जाणवत नाही.

आणि मूळ प्रश्नापुरतं बोलायचं तर नव्वदच्या अल्बममध्ये हे वलय नाही. मिसळू नका.

करडीपट्टी

हेलिओसबद्दल कोणी बोललं नाही. एपीएस-सीवर ती ८७ मिमीसारखी वागते, म्हणजे एकट्या चेहऱ्यासाठी, घोळक्यासाठी नाही. एफ/२ ला कॉन्ट्रास्ट खाली जातो, कडेने आलेला उजेड आत पसरतो आणि सावल्या आपसूक मऊ होतात. मेंदी बघणारी करवली, खिडकीचा उजेड, एफ/२.८: उत्तम. मेन्यूत 'लेन्सशिवाय शटर' चालू करावं लागतं, नाहीतर कॅमेरा क्लिकच करत नाही. फ्लॅश मॅन्युअलवर ठेवा. कोणाकडे निकॉनचा डीएसएलआर असेल तर ही लेन्स घेण्याआधी ऐका: माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर एम४२ ला ४५.४६ मिमी, निकॉन एफला ४६.५. मध्ये काच नसलेल्या अडॅप्टरवर लांबचं फोकसच होणार नाही.

दाणेदार

ग्रेनचा चिखल का होतो ते सांगतो.

६००० पिक्सेल रुंद फोटोवर तुम्ही एक-एक पिक्सेलचा दाणा टाकता. तो १०८० वर आला की दर नव्या पिक्सेलमध्ये साडेपाच गुणिले साडेपाच, म्हणजे सुमारे ३१ जुने पिक्सेल सरासरीत मिसळतात. दाण्याचा जोर साडेपाचव्या हिश्श्यावर येतो. उरलेला जेपेगच्या आठ बाय आठच्या चौकटींमध्ये दळला जातो आणि गालांवर ठिगळं दिसतात. उपाय: ग्रेन सगळ्यात शेवटी, फोटो लहान केल्यानंतर.

स्क्रीनसाठी लांब बाजू २०४८ करा. गिंपमध्ये ५० टक्के राखाडीचा नवा थर, त्यावर आरजीबी नॉइज ०.१०, तिन्ही रंग वेगळे करण्याची खूण काढून, मग गॉशियन ब्लर ०.६ पिक्सेल. ब्लर नसेल तर तो सेन्सरचा नॉइज वाटतो, दाण्याला थोडा गोलवा लागतो. मोड सॉफ्ट लाइट. हा मोड निवडायचं कारण असं की शुद्ध पांढऱ्या आणि शुद्ध काळ्यावर त्याचा परिणाम शून्य होतो आणि मधल्या करड्यांवर सगळ्यात जास्त, कॉपीतला दाणाही तिथेच डोळ्यात भरतो. लाइटरूममध्ये अमाउंट २०, साइज २२, रफनेस ५०.

जेपेग ९० च्या खाली नको. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, तो मग दाबला जात नाही. ज्यांना ते जमणार नाही त्यांच्यासाठी बिनग्रेनची वेगळी प्रत काढून ठेवा, तीच बरी दिसेल.

४ बाय ६ ची कॉपी काढणार असाल तर ३०० डीपीआयने १८०० बाय १२०० लागते. तुमच्या कॅमेऱ्याची फ्रेम ३:२ असल्याने काही कापलं जात नाही. कागदावर दाणा दबतो, म्हणून नॉइज ०.१० चा ०.१५ करा आणि आधी एकच कॉपी काढून खिडकीजवळ धरून बघा. लॅबला 'ऑटो करेक्शन नको' असं स्पष्ट सांगा. नाहीतर त्यांचं मशीन हळदीचा पिवळा 'चूक' समजून निळा ओततं आणि चेहरे पांढरट पडतात.

निंबोणी

शेवटचं एक. आजी-आजोबांच्या लग्नाच्या कृष्णधवल फोटोंत कुंकू पार काळं दिसतं. डिजिटलचा फोटो कृष्णधवल केला तर ते राखाडी येतं. काळं कसं आणायचं?

करडीपट्टी

ते फोटो बहुधा ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवरचे. तिला लाल उजेड दिसतच नाही, निळा आणि हिरवा तेवढा दिसतो. म्हणून कुंकू काळं, ओठ गडद, आणि आकाश पांढरं. पुढे सर्रास वापरात आलेली पँक्रोमॅटिक फिल्म, आपल्या ऊटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची 'इंदू' धरून, लालही बघते, तिच्यावर कुंकू करडं येतं.

चॅनल मिक्सरमध्ये राखाडीसाठी लाल ०, हिरवा ५५, निळा ४५ ठेवा. कुंकू लगेच काळं होईल. पण त्वचेतला लालही जातो, म्हणून डाग, पुटकुळ्या, डोळ्यांखालची वर्तुळं ठळक होतात आणि चेहरा १ स्टॉपने काळवंडतो. लाल १० पर्यंत आणा, हिरवा ५५, निळा ३५ करा आणि एक्स्पोजर +२/३ द्या. निळ्या चॅनलमध्ये नॉइज सगळ्यात जास्त असतो, तेव्हा हे दिवसाच्या उजेडातल्या फोटोवरच करा. पिवळ्या बल्बच्या उजेडात तो चॅनल रिकामाच असतो.

हळदीच्या फोटोंना मात्र हे लावू नका. हळदीतून निळा येत नाही, त्यामुळे माखलेले गाल काजळी फासल्यासारखे दिसतात. तिथे उलट मिश्रण घ्या: लाल ५०, हिरवा ४०, निळा १०. हळद उजळ राहते, कण दिसतात आणि कुंकू मधल्या करड्यावर थांबतं.